वाड्यातील गुपिते आणि तरुणांचे प्रेम : ‘अग्निहोत्र’ मालिकेच्या निमित्ताने एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मराठी कौटुंबिक मालिकांचा इतिहास बहुधा सासू-सुनांच्या संघर्षाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तथापि या मालिकांचे कथानक प्रत्यक्षात ज्यावर उभे असते ते म्हणजे घराण्याचे गुपित होय. प्रस्तुत लेखात नाशिकच्या वाड्याभोवती गुंफलेली ‘अग्निहोत्र’ ही मालिका केंद्रस्थानी ठेवली आहे. घराण्याचे गुपित आणि वयात येणाऱ्या मुलांचे प्रेम यांची सांगड मराठी दूरचित्रवाणीने कशी घातली, याचा मागोवा येथे घेतला आहे.

पार्श्वभूमी

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दूरदर्शनच्या काळातील मराठी मालिका प्रामुख्याने साप्ताहिक आणि मोजक्या भागांच्या असत. तेरा भागांच्या मर्यादेत कथा संपवावयाची असल्याने गुपित फार काळ दडवून ठेवणे लेखकास शक्य नव्हते. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी या वाहिन्या आल्या व पुढे दैनंदिन मालिकेचा जम बसला. ‘आभाळमाया’ने प्राध्यापिका असलेल्या नायिकेच्या संसारातील पतीचे विवाहबाह्य संबंध मध्यमवर्गीय दिवाणखान्यात आणले. २००१ मध्ये सुरू झालेली ‘चार दिवस सासूचे’ तर तीन हजारांहून अधिक भाग चालली.

एवढा दीर्घ पल्ला गाठण्यासाठी गुपित हे अत्यंत सोयीचे साधन ठरले. प्रेक्षकास ठाऊक असलेली गोष्ट पात्रास ठाऊक नसते आणि ती उघड होण्याचा क्षण रोज थोडा पुढे ढकलता येतो. याउलट किशोरवयातील प्रेमाचे आयुष्य लहान असते. ते शाळेच्या एका वर्षात, परीक्षेत किंवा वडिलांच्या बदलीत संपून जाते. दैनंदिन मालिकेच्या अर्थकारणास असा अल्पजीवी विषय परवडणारा नव्हता.

नाशिकचा वाडा

नोव्हेंबर २००८ मध्ये स्टार प्रवाह ही वाहिनी सुरू झाली आणि तिच्यासोबत ‘अग्निहोत्र’चेही प्रसारण सुरू झाले. दिग्दर्शक सतीश राजवाडे यांनी त्यापूर्वी ‘असंभव’ (२००७) या मालिकेत पुनर्जन्म आणि वाडा यांचे कथानक हाताळले होते. ‘अग्निहोत्र’मध्ये त्यांनी अग्निहोत्री घराण्याच्या तीन पिढ्या, पुरातन गणेशमूर्तींचे रहस्य आणि विखुरलेले भाऊबंद यांची कथा मांडली. विक्रम गोखले, मोहन जोशी, विनय आपटे यांच्यासारखे ज्येष्ठ नट आणि सिद्धार्थ चांदेकर, स्पृहा जोशी, मृण्मयी देशपांडे हे त्या वेळचे नवोदित कलावंत तीत एकत्र आले.

कथेचे स्थळ नाशिक असणे अर्थपूर्ण आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्याय यजमानांच्या वंशावळींच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जतन करीत आले आहेत. कोणत्या गावचा कोण, कोणाचा पुत्र, कोणाचा नातू, याची नोंद या वह्यांतून सापडते. मात्र भाऊ वेगळे का झाले, घर कोणी व का सोडले, हे वंशावळ सांगत नाही. तिने न सांगितलेली हीच बाजू मालिकेतील वाडा सांगू पाहतो. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींनी नाशिक विस्तारले आणि १९८२ मध्ये येथे महानगरपालिका आली. तरीही मराठी प्रेक्षकाच्या मनातील नाशिक पंचवटीचे आणि जुन्या वाड्यांचेच राहिले. मालिकेने या स्मृतीचा नेमका उपयोग केला.

मालिकेतील नील हा तरुण घराण्याचा तुटलेला इतिहास शोधत जातो. येथे एक महत्त्वाची रचना दिसते. गुपित वडीलधाऱ्यांचे असते आणि शोध तरुणाचा असतो. तरुण पिढीस प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळतो, हे पूर्वीच्या मालिकांच्या तुलनेत निश्चितच पुढचे पाऊल होते. परंतु या शोधाचे फलित घराण्याच्या पुनर्मीलनात आहे. तरुणांचे प्रेमही अखेर वाड्याच्या कथेचा भाग म्हणूनच येते. त्यास स्वतःचे स्वतंत्र गुपित असू शकत नाही.

हीच रचना पुढेही टिकली. ‘रात्रीस खेळ चाले’ (२०१६) मध्ये कोकणातील नाईक कुटुंबाचे रहस्य इतके लोकप्रिय झाले की २०१९ मध्ये त्याच्या पूर्वकथेची स्वतंत्र मालिका आली. येथेही गुपित वडिलांचेच होते. तरुणांसाठी २०१६ मध्ये झी युवा ही वाहिनी सुरू झाली. तिच्यावरील ‘फुलपाखरू’ (२०१७) महाविद्यालयीन प्रेमापासून निघाली. पण यथावकाश तीही विवाह आणि संसार यांकडे वळली.

रंगभूमी, चित्रपट आणि वास्तव

दूरचित्रवाणीची ही मर्यादा इतर माध्यमांशी तुलना करता अधिक स्पष्ट होते. नाशिकच्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन करणारे नाटककार वसंत कानेटकर यांनी १९६१ मध्येच ‘प्रेमा तुझा रंग कसा?’ या नाटकात प्राध्यापकाच्या घरातील प्रेमाची चर्चा खेळकरपणे रंगमंचावर आणली. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीने आणीबाणीच्या काळातील शाळकरी मुलाचे प्रेम गांभीर्याने मांडले आणि तिच्यावरील चित्रपटास राष्ट्रीय पुरस्कार लाभला. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ व ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटांनी किशोरवयीन प्रेमास जातीच्या भिंतीसमोर उभे केले. चित्रपटगृहात तरुण मित्रांसोबत जातो, तर मालिका मात्र आजी, आई-वडील यांच्यासोबत एकाच पडद्यासमोर बसून पाहिली जात असे. घरातील सर्वांनी एकत्र पाहावयाच्या कथेत मुलांनी घरापासून दडविलेली गोष्ट सहानुभूतीने दाखविणे अवघड होते, हे यामागील व्यावहारिक कारण दिसते.

हा प्रश्न केवळ मनोरंजनाचा नाही. २०१३ मध्ये नाशिक येथेच आंतरजातीय विवाह केलेल्या गर्भवती तरुणीची तिच्या पित्याने हत्या केली. या घटनेनंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उभारली. पुढे २०१६ मध्ये राज्य विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला. मालिकेतील वाड्यात वडीलधाऱ्यांच्या चुका काळाच्या ओघात क्षम्य ठरतात आणि दुरावलेले नातलग एका छताखाली परततात. प्रत्यक्षात मात्र मुलीने स्वतः घेतलेल्या एका निर्णयास घराने क्षमा केली नाही. पडद्यावरील घराणे आणि प्रत्यक्षातील घराणे यांमधील ही तफावत समाजेतिहासाच्या अभ्यासकाने नोंदविणे आवश्यक आहे.

समारोप

‘अग्निहोत्र’ ही तिच्या काळातील दर्जेदार मालिका होती, याविषयी दुमत होऊ नये. घराण्याचा इतिहास तरुणांनी तपासावा, हा विचार तिने घरोघरी पोहोचविला. परंतु वडिलांच्या गुपितास करुणा आणि मुलांच्या गुपितास संशय, हा दुजाभाव तिच्या आधीही होता आणि नंतरही राहिला. महाविद्यालयात प्रवेश घेणारा सतरा-अठरा वर्षांचा विद्यार्थी हा याच कथा ऐकत वाढलेला असतो. आपल्या प्रेमाविषयी घरी बोलता येईल, असा विश्वास त्यास या कथांतून क्वचितच मिळाला. म्हणूनच मालिकांना हलके मनोरंजन म्हणून बाजूस न सारता, कुटुंबाने कोणास क्षमा करावी याविषयीच्या सामाजिक संकेतांचे साधन म्हणून त्यांचा अभ्यास होणे अगत्याचे आहे.