ठोकळ्यांची भाषा

यंत्राला काम सांगावयाचें तर तें त्याच्याच भाषेंत सांगितलें पाहिजे, आणि यंत्राची भाषा मोठी हट्टी. एक अर्धविराम गळला तरी तें काम नाकारतें. कोठें गळला हेंही पुष्कळदां धड सांगत नाहीं. मोठ्या माणसाला ही शिस्त पोटासाठीं सोसावी लागते. दहा वर्षांच्या मुलाची गोष्ट निराळी. त्याला एक दिवा लुकलुकवावयाचा असतो, किंवा एखादी गाडी भिंतीपाशीं येतांच मागें वळवावयाची असते. पहिल्या अर्ध्या तासांत दिवा लागला नाहीं तर तें पुन्हां त्या वाटेस सहसा जात नाहीं. ज्या नखाएवढ्या चिपमध्यें गणित करणारा भाग, स्मरण आणि बाहेरच्या तारा जोडावयाच्या जागा हें सारें एकत्र असतें, तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. पडद्यावर रंगीत ठोकळे जुळवून या चिपला काम सांगण्याचीं जीं साधनें आज शाळांतून व हौशी लोकांच्या टेबलांवर दिसतात, त्यांचा इतिहास या अर्ध्या तासाच्या अडचणींतून निघाला आहे.

त्याचा आरंभ १९६७ सालीं अमेरिकेंतील केंब्रिज येथें झाला. सेमूर पॅपर्ट हे मूळचे दक्षिण आफ्रिकेचे गणिती. जिनीव्हा येथें ज्यां प्याजे या बालमनाच्या अभ्यासकाजवळ कांहीं वर्षें काम करून ते अमेरिकेस आले होते. वॉली फ्युर्झिग, सिंथिया सॉलोमन प्रभृतींसह त्यांनीं मुलांसाठीं लोगो नांवाची भाषा रचिली. थोड्याच वर्षांत तिला एक कासव मिळालें. 'पुढें १००', 'उजवीकडे ९०' असें सांगावें आणि कासवानें तसें चालावें. आज्ञा चुकली तर कासव भलतीकडे जाई व चूक मुलाच्या डोळ्यांसमोर उभी राही. चूक ही शिक्षेची बाब नसून शोधून काढावयाची वस्तु आहे, असें पॅपर्ट मानीत, आणि पुढील सर्व प्रयत्नांचें मूळ या एका विचारांत सांपडतें. तथापि लोगोच्या आज्ञा अक्षरांनींच लिहाव्या लागत.

पुढें एम. आय. टी.च्या मीडिया लॅबमध्यें मिचेल रेझनिक, फ्रेड मार्टिन आदि मंडळींनीं लेगोच्या खेळण्यांना मोटरी जोडल्या. प्रथम खेळण्यांतली गाडी तारेनें संगणकाला बांधलेली असे आणि ती तार तिच्याच चाकांत येई! तेव्हां संगणकच लहान करून गाडींत बसवावा असें ठरलें. या 'प्रोग्रामेबल ब्रिक'साठीं अँड्र्यू बेगेल या विद्यार्थ्यानें १९९६ सालीं पदवीच्या अभ्यासांतील प्रकल्पांत लोगोब्लॉक्स मांडलें. त्यांत अक्षरें लिहिण्याऐवजीं पडद्यावरचे ठोकळे एकमेकांस जोडावयाचे होते.

ठोकळ्याची खुबी त्याच्या कडेंत असते. पुढें या घराण्यांत रूढ झालेली रीत अशी कीं, आज्ञेच्या ठोकळ्याला माथ्यावर खांच व तळाशीं गुंडी असते. म्हणून एक आज्ञा दुसरीखालीं बसते. संख्येच्या ठोकळ्याच्या कडा गोलसर, आणि 'होय कीं नाहीं' असें सांगणारा ठोकळा षट्कोनी. षट्कोनी जागेंत गोलसर ठोकळा सहसा शिरत नाहीं. 'सतत करा' या ठोकळ्याला जबड्यासारखी पोकळी असते, तिच्यांत जें घालावें तें फिरून फिरून घडतें. लिहिलेल्या भाषेंत कंस विसरतो. येथें विसरावयास कंसच नाहीं. मात्र ठोकळ्यांनीं विचारही सोपा केला असें जें म्हणतात, तें खरें नव्हे. छापखान्यांत खिळे घट्ट बसले म्हणून मजकूर शुद्ध ठरत नाहीं. 'राम' ऐवजीं 'मरा' जुळविलें तरी ओळ तितकीच घट्ट बसते. तसेंच 'दिवा लावा' व 'दिवा मालवा' हे दोन ठोकळे मध्यें विराम न घालतां फिरत ठेवले, तर एकही ठोकळा चुकीचा नसतांना दिवा लुकलुकत नाहीं, नुसता मंद पेटलेला दिसतो. अशी चूक कडेच्या आकाराला कळत नाहीं. ती मुलाच्या दृष्टीस कशी पाडावी, हें साधनें घडविणारांपुढचें खरें कोडें होतें.

१९९८ सालीं लेगो कंपनीनें माइंडस्टॉर्म्स हा संच बाजारांत आणला. पॅपर्ट यांच्या १९८० सालच्या ग्रंथाचेंच नांव त्याला दिलें होतें. त्याच्या पिवळ्या पेटींत हिताची कंपनीचा मायक्रोकंट्रोलर होता. पडद्यावर जुळविलेली आज्ञावली अवरक्त किरणांनीं पेटींत जाई, आणि तेथें बसविलेला एक दुभाषी ती वाचून मोटरी चालवी. गंमत अशी कीं हा दुभाषीही तात्पुरत्या स्मरणांतच राही. बॅटऱ्या काढून कांहीं वेळ गेला कीं तो नाहींसा होई व पुन्हां भरावा लागे.

रेझनिक यांच्याच मंडळानें २००७ सालीं लोकांपुढें ठेविलेल्या स्क्रॅचनें ठोकळे घरोघर नेले, परंतु ते पडद्यावरील चित्रांसाठीं होते. तिकडे इटलींतील इव्रेआ येथें २००५ सालीं आर्दुइनो हा स्वस्त फलक निघाला होता. त्याच्या पुढील 'उनो' या फलकावर तात्पुरतें स्मरण अवघें २ किलोबाइट. स्क्रॅचसारखा पसारा तेथें मावणें अशक्य. म्हणून दोन वाटा फुटल्या. बार्सिलोनाजवळील सिटीलॅब या संस्थेच्या मंडळींनीं २०१० सालीं एस-फोर-ए हें साधन काढलें. त्यांत आज्ञावली मोठ्या संगणकावरच चालते व फलकाशीं दर ७५ मिलिसेकंदांनीं निरोपांची देवघेव होते. सर्व कांहीं डोळ्यांदेखत घडतें. पण तार काढली कीं गाडी थांबली.

दुसरी वाट भाषांतराची. गुगलनें २०१२ सालीं ब्लॉकली काढलें. त्याच्या आधारें ठोकळ्यांचा लिखित मजकूर बनवितां येऊं लागला. नभोवाणीच्या श्रोत्यांना जिचें नांव नवें नाहीं त्या बी. बी. सी.नें २०१६ सालीं ब्रिटनमधील शाळकरी मुलांना सुमारें १० लाख मायक्रोबिट फलक वांटले. मायक्रोसॉफ्टच्या मेककोडमध्यें ठोकळे जुळवावे, त्यांचें यंत्रभाषेंत रूपांतर व्हावें, आणि ती फाइल फलकावर उतरावी, अशी तऱ्हा. येथें गाडी स्वतंत्रपणें धांवते. पण फलकावर या क्षणीं कोणता ठोकळा चालला आहे, तें मुलाला दिसत नाहीं. मेककोडनें पडद्यावर नकली फलक दाखविला खरा, परंतु नकली फलकाला ना सैल तार कळते, ना खोलींतला खरा उजेड.

स्क्रॅचचे प्रमुख रचनाकार जॉन मॅलोनी यांनीं बर्नाट रोमागोसा व येन्स म्योनिग यांच्यासह मायक्रोब्लॉक्स घडविलें, तें या दोन वाटा जोडण्यासाठीं. येथेंही पेटींतल्याप्रमाणें एक लहानसा दुभाषी चिपमध्यें बसलेला असतो; मात्र त्याची जागा कायम स्मरणांत आहे. ठोकळ्यावर टिचकी मारतांच त्याचें अंकांत रूपांतर होऊन तें तारेनें चिपकडे जातें व तेथेंच घडतें. चालत असलेली ठोकळ्यांची जुळणी पडद्यावर उजळून दिसते. आज्ञावलीही चिपमध्यें राहते, म्हणून तार काढून बॅटरी लावली तरी दिवा लुकलुकतच असतो.

दुभाष्याच्या मार्फत बोलण्याची किंमत वेगांत मोजावी लागते. हौशी लोक ज्या रंगीत दिव्यांच्या माळा लावतात, त्यांतल्या पुष्कळशांना प्रत्येक बिट सुमारें सव्वा मायक्रोसेकंदांत पोंचावा लागतो. ठोकळ्यांमागून ठोकळे वाचणाऱ्या दुभाष्याला ही घाई झेपत नाहीं. म्हणून तेवढें काम कर्त्यांनीं सी प्लस प्लस या लिखित भाषेंतच करून ठेविलें आहे, आणि मुलाच्या वांट्याला 'दिवा क्रमांक ३ तांबडा करा' एवढाच एक ठोकळा येतो.