मोहल्ला कमिटी : न झालेल्या दंगलीचा इतिहास

दंगलीचा इतिहास लिहिला जातो. त्यावर आयोग बसतात, अहवाल निघतात, आकडे छापले जातात. जी दंगल होता होता टळली, तिची नोंद मात्र कोणी ठेवत नाही. वर्तमानपत्रात बातमी नसते, पोलिसांच्या डायरीत 'सर्वत्र शांतता' एवढे दोन शब्द असतात. पण ती शांतता आपोआप आलेली नसते. तिच्यासाठी कोणीतरी रात्रभर नाक्यावर उभे राहिलेले असते, कोणीतरी आपल्याच मोहल्ल्यातल्या पोरांच्या हातातले दगड खाली ठेवायला लावलेले असतात. आपल्या ठाणे जिल्ह्यात असा एक इतिहास घडला आहे. तो भिवंडीच्या मोहल्ला कमिट्यांचा आहे.

धसईसारख्या मुरबाड तालुक्यातल्या बाजारगावात राहणाऱ्या माणसाला भिवंडी परकी नाही. शहापूर-मुरबाडच्या गावांतली माणसे तिथल्या गोदामांत आणि कारखान्यांत कामाला जातात. सोयरिकी तिथे जुळतात. त्यामुळे भिवंडीत काही घडले की त्याची झळ आणि त्याची अफवा, दोन्ही आपल्या वाड्या-पाड्यांपर्यंत येतात. म्हणून हा इतिहास आपलाही आहे, आणि तो आपण आपल्या मुलांना सांगितला पाहिजे.

भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. कोकणी मुसलमान तिथले जुने रहिवासी. उत्तर प्रदेशातल्या विणकरांच्या मोमीन-अन्सारी बिरादऱ्या नंतर येऊन वसल्या. पुढे तेलंगणातले पद्मशाली विणकर आले, सुताचे आणि कापडाचे व्यापारी आले. माग एकाचा, सूत दुसऱ्याचे, बाजार तिसऱ्याचा, अशी ही गुंफण. पोटासाठी एकमेकांवर इतके अवलंबून असलेले लोक एकमेकांच्या जिवावर उठणार नाहीत, असे कोणालाही वाटेल. पण तसे झाले नाही.

1960 च्या दशकात शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून वाद सुरू झाले. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जावी, मस्जिदीसमोर गुलाल उधळावा की नाही, घोषणा कोणत्या द्याव्यात, यावर दरवर्षी तणाव वाढत गेला. 7 मे 1970 रोजी त्याचा भडका उडाला. भिवंडीपाठोपाठ जळगाव आणि महाडलाही आगी लागल्या. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने या तिन्ही ठिकाणच्या दंगलींची चौकशी केली. दंगली कशा शिजतात, जातीय संघटना वर्षभर काय करत असतात आणि प्रशासन कुठे कमी पडते, याचा इतका बारकाईने केलेला अभ्यास आपल्या देशात क्वचितच झाला असेल. दंगलीनंतर पोलिसांच्या विशेष तपास पथकाने केलेल्या पक्षपाती तपासावरही आयोगाने कडक ताशेरे मारले.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की शांतता समिती ही तेव्हाही अनोळखी नव्हती. सण जवळ आला की पोलीस ठाण्यात बैठक बोलवायची, दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना चहा पाजायचा, 'आमचे गाव शांत आहे' अशी भाषणे ऐकायची आणि घरी जायचे, ही रीत जुनीच आहे. पण तिथे बसणारे बहुतेक लोक पुढारी असत. त्यांच्यातल्या काहींचे राजकारण तणावावरच चालत असे. ज्या गल्लीत पहिला दगड पडणार, त्या गल्लीतला माणूस तिथे नसे. बैठक वर्षातून एकदा-दोनदा होई आणि मधल्या काळात कोणी कोणाचे तोंड पाहत नसे.

मे 1984 मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. या वेळी आग ठाणे आणि मुंबईपर्यंत पोहोचली. अडीचशेहून अधिक माणसे मेली. चौदा वर्षांत दोनदा राख झालेल्या गावाचे नाव 'दंगलीचे गाव' असे पडले. ज्याचा भिवंडीशी काही संबंध नाही, तोही 'भिवंडी' म्हटले की दचकू लागला.

1988 मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. दंगल झाल्यावर ती दडपण्यासाठी बंदोबस्त कसा लावायचा, एवढाच विचार त्यांनी केला नाही. दोन दंगलींच्या मधल्या वर्षांत पोलीस आणि लोक काय करत असतात, हा प्रश्न त्यांनी घेतला. त्यातून मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. शहरात अशा सुमारे सत्तर कमिट्या होत्या. प्रत्येकीत हिंदू आणि मुसलमान निम्मे-निम्मे. पुढाऱ्यांपेक्षा वस्तीतल्या साध्या माणसांवर भर. पानवाला, मागवाला, मास्तर, दुकानदार अशी, ज्यांचे शब्द गल्लीत ऐकले जातात ती माणसे. पोलिसांच्या बाजूनेही साहेबांपेक्षा खालचा कर्मचारी महत्त्वाचा मानला गेला, कारण गल्लीत रोज फिरणारा तोच असतो.

या कमिट्यांचे खरे काम दंगलीचे नव्हतेच. ते रोजच्या भांडणांचे होते. नळावरची भांडणे, भाडेकरू-मालकाची कटकट, पोरांची मारामारी, दारूड्याचा त्रास, कोंडाळ्याची घाण. ही भांडणे लहान असताना मिटली तर ती दोन माणसांची राहतात. न मिटली तर एके दिवशी त्यांना दोन धर्मांची नावे मिळतात. शेजारी बसून चार वेळा नळाचा तंटा सोडवलेल्या माणसांकडे पाचव्या वेळी अफवा आली, तर ते एकमेकांना विचारू शकतात. ज्याला कधी भेटलोच नाही, त्याच्याविषयी आपण काहीही खरे मानतो.

या कामाची परीक्षा डिसेंबर 1992 मध्ये झाली. 6 डिसेंबरला बाबरी मस्जिद पाडली गेली. मुंबईत डिसेंबरमध्ये आणि पुन्हा जानेवारी 1993 मध्ये दंगली झाल्या. श्रीकृष्ण आयोगाने त्यांत 900 मृत्यू नोंदवले, त्यांत 575 मुसलमान आणि 275 हिंदू होते. सगळ्यांना भीती होती ती भिवंडीची. पण भिवंडी पेटली नाही. खोपडे यांनी पुढे याच प्रश्नावर पुस्तक लिहिले : मुंबई जळाली, भिवंडी का नाही? आशुतोष वार्ष्णेय यांनीही 2002 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात भिवंडीची दखल घेतली. ज्या शहरांत हिंदू-मुसलमानांच्या एकत्र संस्था, संघटना आणि उठबस असते, ती शहरे अफवेच्या पहिल्या तडाख्यात टिकून राहतात, हे त्यांचे मुख्य म्हणणे आहे.

कोणी म्हणेल, लोक दंगलीला कंटाळले होते, धंद्याचे नुकसान नको होते. तेही खरे आहे. पण धंदा 1984 मध्येही होता आणि 1970 च्या आठवणीही ताज्या होत्या. तरी गाव पेटले. तेव्हा नव्हती आणि 1992 मध्ये होती अशी एक ठळक गोष्ट म्हणजे गल्लीगल्लीतली ही बैठक. म्हणून तिचे श्रेय नाकारता येत नाही.

मुंबईने हा धडा दंगलीनंतर घेतला. 1994 मध्ये तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटी चळवळ सुरू झाली. पोलीस आणि वस्त्या यांच्यातली तुटलेली बोलाचाली पुन्हा सुरू करणे हे तिचे पहिले काम होते. पुढे पोलीस आणि वस्तीतली पोरे एकत्र क्रिकेट खेळू लागली. बायकांना या कामात आणण्याचा प्रयत्न तिथे झाला, हे मला फार मोलाचे वाटते.

पण या इतिहासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. जुलै 2006 मध्ये निजामपुऱ्यातील पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद झाला. ती जागा कब्रस्तानाची असल्याचा दावा होता. जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबारात दोन माणसे मेली आणि त्यानंतर जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारले. चारही घरांतले दुःख सारखेच. ज्या गावाने 1992 पचवले, त्याच गावात हे घडले. या वेळचा वाद हिंदू-मुसलमानांचा नव्हता, पोलीस आणि लोक यांच्यातला होता. मोहल्ला कमिटीचा आधार पोलिसांवरचा भरवसा हा होता. पोलीसच एक पक्ष झाले, तेव्हा मध्ये बसायला कोणी उरले नाही. एका अधिकाऱ्याच्या पुढाकारावर उभे राहिलेले काम तो अधिकारी बदलून गेल्यावर किती टिकते, हा प्रश्न भिवंडीने आपल्यासमोर ठेवला आहे.

गावपातळीवर आपल्याकडे याला जोडून दुसरी वाट आहे. 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाला कायद्याचा आधार मिळाला. 15 ऑगस्ट 2007 पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा आर. आर. पाटील गृहमंत्री होते. ग्रामसभेने समिती निवडायची, गावातल्या तंट्यांची यादी करायची, दोन्ही पक्षांच्या राजीखुशीने ते मिटवायचे आणि चांगले काम करणाऱ्या गावाला बक्षीस मिळायचे, अशी ही योजना. हेतू चांगला होता. पण आपल्या शहापूर-मुरबाडच्या गावांकडे पाहा. एकाच पंचक्रोशीत कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, बौद्ध आणि थोडी मुसलमान घरे. समितीत जमीनवाला असला आणि कातकरी नसला, तर तंटा मिटतो की दबतो? मिटलेल्या आणि दबलेल्या तंट्यातला फरक ज्याचा तंटा आहे त्यालाच माहीत असतो. आपण इथे मूठभर आहोत म्हणून हे आपल्याला लवकर समजायला हवे. पण फक्त आपल्यासाठी मागून चालणार नाही, पाड्यावरच्या माणसासाठीही जागा मागायला हवी.

आता एक दूरचे उदाहरण. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने 2019 पासून पालिकांना कायद्यानेच बांधून घातले की त्यांनी आपल्या शहराच्या सुरक्षेची आणि लोकांच्या खुशालीची योजना करावी आणि त्यासाठी सल्लागार समिती नेमावी. त्या समितीत पोलिसांबरोबर आरोग्याचा माणूस, शिक्षणाचा माणूस, समाजसेवेचा माणूस असलाच पाहिजे. काम चार पायऱ्यांचे धरले आहे. माणसाचे जगणे सुधारणे, संकट येऊ नये म्हणून आधीच उपाय करणे, धोका दिसताच मध्ये पडणे आणि घटना घडल्यावर धावून जाणे. आपल्या शांतता समित्या बहुतेक वेळा चौथ्या पायरीवर उभ्या असतात. भिवंडीची कमिटी दुसऱ्या-तिसऱ्या पायरीपर्यंत चढली, हे तिचे मोठेपण. पहिली पायरी मात्र आपल्याकडे कोणी समितीच्या कामात धरतच नाही.

याची किंमत काय असते? 21 सप्टेंबर 2020 रोजी पहाटे भिवंडीतली जिलानी इमारत कोसळली आणि जवळपास चाळीस माणसे झोपेतच गेली. 2022 च्या हिवाळ्यात मुंबईत, भिवंडीत आणि मालेगावात गोवराची साथ आली. लस न घेतलेली मुले आजारी पडली आणि लसीसाठी मन वळवायला धर्मगुरूंची मदत घ्यावी लागली. इथे दगड पडला नाही, घोषणा झाली नाही, कर्फ्यू लागला नाही. तरी माणसे मेली, मुले आजारी पडली. सुरक्षा म्हणजे दंगल न होणे, एवढाच अर्थ आपण धरला तर पडणारी भिंत आणि चुकलेली लस कोणत्या बैठकीत येणार?

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. वर्गातला एखादा मुलगा आठ दिवस आला नाही तर त्याच्या घरी काय चालले आहे याचा अंदाज शिक्षकाला सगळ्यांच्या आधी येतो. आशाताईला कळते कोणत्या घरात लस चुकली. मस्जिदीच्या इमामाला कळते कोणत्या घरात भांडण विकोपाला गेले. पाण्याच्या रांगेतल्या बायकांना तर सगळेच कळते. पण शांतता समितीच्या खुर्च्यांवर या सगळ्यांपैकी किती जण असतात, ते आपापल्या गावात मोजून पाहावे. खुर्च्या मांडल्या जातात त्या प्रतिष्ठितांसाठी आणि खबर असते ती या माणसांकडे.

म्हणून आपल्या समाजातल्या शिकलेल्या मंडळींना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, समितीत नाव आले की तो मान समजू नये, ते काम समजावे. सणाच्या आधी बोलावणे येण्याची वाट न पाहता महिन्यातून एकदा तरी बसण्याचा आग्रह धरावा आणि तिथे नळ, गटार, शाळा, दवाखाना हे विषय मांडावेत. दुसरी, फक्त आपल्या मोहल्ल्याची वकिली करायला जाऊ नये. शेजारच्या आळीतल्या माणसाच्या तक्रारीसाठी आपण उठून बोललो, तर आपल्या तक्रारीसाठी तो उठेल. भिवंडीच्या मोहल्ला कमिट्यांनी एवढेच केले होते.

मादन आयोगाचा अहवाल ग्रंथालयात मिळतो, श्रीकृष्ण आयोगाचाही मिळतो. डिसेंबर 1992 च्या त्या रात्री भिवंडीच्या गल्ल्यांत जागलेल्या माणसांचा अहवाल कुठे मिळत नाही. त्यांच्यातले बरेच जण आता वृद्ध झाले आहेत, काही अल्लाहला प्यारे झाले आहेत. जे आहेत त्यांच्याजवळ बसून, त्यांनी त्या रात्री काय केले, कोणाला अडवले, कोणाचे ऐकले, हे आपल्या मुलांनी वहीत उतरवून घेतले पाहिजे. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात ते येईल तेव्हा येईल. तोवर हे काम आपलेच आहे.