शालीचे मोल : शेटलंड बेटांतील विणणाऱ्या स्त्रिया व त्यांचा हिवाळा

उत्तरेकडे बदली होऊन आलेल्या मराठी कुटुंबात पहिल्या हिवाळ्यातच एक नवी वस्तू प्रवेश करते, ती म्हणजे विणकामाच्या सुया. आपल्या कोकणात वा देशावर लोकरीचे विणकाम हा हौसेचा प्रकार. बाळंतविड्यातील टोपडे-मोजे झाले की त्याची मजल संपली. परंतु दिल्लीची वा सिमल्याची थंडी एकदा अंगावर घेतली की गृहिणी शेजारच्या पंजाबी भगिनीकडून सुलट-उलट टाके शिकून घेते आणि पुढे हळदीकुंकवालाच काय, नाटकाच्या तालमीलाही पिशवीत लोकरीचा गुंडा घेऊन येऊ लागते. मंडळाच्या वार्षिक सभेत हिशेबावर कडाक्याचा वाद चालू असताना मागील रांगेतून येणारी सुयांची टिकटिक ज्याने ऐकली नाही, असा सभासद विरळाच. त्या टिकटिकीचे मोल किती, हा प्रश्न मात्र आपण कधी विचारीत नाही. स्वेटर 'घरचा' असतो, आणि घरच्या वस्तूला किंमत नसते.

तो प्रश्न एकदा सरकारी पातळीवर विचारला गेला होता. प्रस्तुत लेखकाची तीसएक वर्षे अहवाल वाचण्यात व लिहिण्यात गेली असल्याने त्याला अहवालांचा कंटाळा यावा हे स्वाभाविक आहे. तथापि १८७२ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे आलेला एक अहवाल त्याला कादंबरीसारखा वाचवला. विषय होता शेटलंड बेटांतील 'ट्रक' पद्धती, म्हणजे श्रमाचा मोबदला पैशांत न देता मालात देण्याची चाल. त्यातील साक्षीदारांमध्ये मोठ्या संख्येने होत्या घरी बसून विणणाऱ्या स्त्रिया.

शेटलंड हा स्कॉटलंडच्याही उत्तरेला असलेला बेटांचा पुंजका. बेटे शंभराहून अधिक, वस्ती मात्र पंधरा-सोळा बेटांवर. ही बेटे मूळची नॉर्वेच्या राजसत्तेखालची. १४६९ साली राजा पहिला ख्रिश्चन याने मुलीच्या हुंड्याची रक्कम उभी करता न आल्याने ती स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकली आणि ती पुढे कधी सोडविली नाहीत. आपली मुंबई पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर १६६१ साली आंदण गेली हे सर्वांस ठाऊक आहे. या हुंड्याच्या कामी शेटलंड मुंबईची थोरली बहीण म्हणावयास हरकत नाही.

अक्षांश ६० उत्तर. डिसेंबरच्या अखेरीस लेरविक या मुख्य गावी सूर्य सकाळी नऊनंतर उगवतो आणि दुपारी तीनच्या आत मावळतो. पुरते सहा तासही दिवस नसतो. त्यात अटलांटिकवरून येणारा वारा इतका की झाडे जवळजवळ वाढतच नाहीत. झाड नाही म्हणून सरपण नाही. जळण म्हणजे पीट, दलदलीत शतकानुशतके कुजून घट्ट झालेला काळा थर. तो मे महिन्यात विटांसारखा कापून काढावयाचा, उन्हा-वाऱ्यात वाळवावयाचा आणि हिवाळ्यासाठी घराशेजारी रचून ठेवावयाचा. पीट घरी आणण्याचे काम बहुतांशी बायकांचे. पाठीवर गवताची विणलेली मोठी टोपली असे, तिला 'किशी' म्हणत. सिमल्याकडे राहिलेल्यांनी पहाडी बायकांच्या पाठीवरचा किल्टा आठवावा. किशीचा पट्टा छातीवरून जाई, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहत, आणि त्या मोकळ्या हातांत विणकाम असे. पाठीवर ओझे, पायाखाली चिखल आणि हातांत सुया असलेल्या या बायकांची जुनी छायाचित्रे पुष्कळ आहेत. ती पाहून परदेशी प्रवासी 'किती उद्योगी या स्त्रिया' म्हणून कौतुक करीत. त्या उद्योगामागे गरज किती होती, हे छायाचित्रात दिसत नाही.

चालता चालता विणणे शक्य होई ते एका साध्या साधनामुळे. कमरेला चामड्याचा पट्टा, त्याला घोड्याचे केस ठासून भरलेली लंबगोल गादी आणि गादीला भोके. सुईचे एक टोक त्या भोकात रोवले की उजवा हात सुई धरण्याच्या कामातून सुटतो आणि केवळ धागा फिरवीत राहतो. वेग वाढतो, आणि काम मध्येच सोडावे लागले तरी टाके गळत नाहीत. सुयांना तेथे 'तारा' असेच म्हणत.

आता घराकडे वळू. दगडाच्या जाड भिंती, गवताचे शाकारलेले छप्पर. माणसांचे घर आणि गुरांचा गोठा एकाच लांबट इमारतीत. जुन्या घरांत चूल जमिनीच्या मध्यभागी असे आणि धूर छपरातील भोकाने सवडीने बाहेर जाई. दिवा म्हणजे एकाखाली एक दोन लोखंडी पळ्या. वरच्या पळीत माशाच्या यकृताचे तेल व लव्हाळ्याच्या गाभ्याची वात, आणि ठिबकलेले तेल झेलण्यासाठी खालची पळी. या दिव्याला 'कोली' म्हणत. तेल माशाचे असले तरी आपल्या कोळ्यांशी या शब्दाचा काही संबंध नाही, हे जाता जाता सांगितलेले बरे.

अशा उजेडात संध्याकाळ दुपारीच सुरू होई. घरात पुरुष असतीलच असे नव्हे. कोणी मासेमारीवर, कोणी ग्रीनलंडच्या देवमाशांच्या शिकारीला, कोणी व्यापारी जहाजांवर. आणि कित्येक कायमचे समुद्रात. १८६१ च्या शिरगणतीत शेटलंडमध्ये दर १०० पुरुषांमागे १४३ स्त्रिया होत्या. पुढे १८८१ च्या जुलैत एका रात्रीच्या वादळात दहा होड्या बुडून ५८ मच्छीमार गेले, त्या दिवसानंतर यात किती विधवांची भर पडली असेल याचा हिशेब वाचकांनी करावा. शेतीचा तुकडा, गाय, मेंढ्या, म्हातारी माणसे व मुले हा सारा संसार बाईच्या अंगावर असे आणि विणकाम त्या सगळ्याच्या फटींत बसवावे लागे. दिवसाउजेडी गाईगुरांचे पाहावयाचे, पाणी आणावयाचे. अंधार पडला की लोकर.

लोकर विकतची असे वा घरची. तेथील मेंढ्या लहानखुऱ्या, पण त्यांची लोकर अतिशय मऊ. उन्हाळ्याच्या तोंडी ती आपोआप सुटू लागते, तेव्हा कातरीने न कापता हाताने उपटून घेत. मानेजवळची लोकर सर्वांत तलम म्हणून वेगळी ठेवीत. हिवाळ्यात शेजारणी एका घरी जमत, प्रत्येकजण लोकर पिंजी, कोणी चाकावर सूत काढी, म्हाताऱ्या टेकडीखाली राहणाऱ्या 'ट्राउ' नावाच्या छोट्या माणसांच्या गोष्टी सांगत. काम संपले की फिडल वाजे आणि नाच होई. मुली चार-पाच वर्षांच्या झाल्या की त्यांच्या हाती सुया येत. नमुना कागदावर लिहिलेला नसे. तो आईच्या हातातून मुलीच्या हातात जाई. नमुन्यांची नावेही घराभोवतीच्या जगातलीच : लाटेचा ठसा, मांजरीचा पंजा, पक्ष्याचा डोळा.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या विणीने कमालीची उंची गाठली. उत्तरेकडील अन्स्ट बेटावरच्या बायका इतक्या तलम सुताची जाळीदार शाल विणीत की सहा फूट चौरसाची ती शाल बोटातल्या अंगठीतून आरपार ओढून घेता येई. वजन अवघे अडीच-तीन औंस. आपल्याकडे ढाक्याच्या मलमलीबद्दल हेच सांगतात. शाल विणून झाली की ती धुवावयाची, गंधकाची धुरी देऊन पांढरीशुभ्र करावयाची आणि चौकटीवर ताणून वाळवावयाची. हे शेवटचे काम करणाऱ्या निराळ्या बायका लेरविकला असत. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ही जाळी मांडली गेली होती.

या कीर्तीच्या प्रारंभाशी एका अशा गृहस्थाचे नाव निगडित आहे, की ज्याची मुंबईकरांशी नकळत ओळख आहे. ऑर्थर अँडरसन, जन्म १७९२, लेरविकजवळचा. लहानपणी समुद्रकिनारी मासे वाळविण्याच्या कामावर होता. पुढे लंडनला जाऊन जी आगबोट कंपनी त्याने भागीदारीत उभी केली तीच पी. अँड ओ. विलायतेला जाणाऱ्या आपल्या कित्येक पुढाऱ्यांनी व विद्यार्थ्यांनी मुंबईच्या धक्क्यावर जिच्या बोटीत पाऊल ठेवले, ती ही कंपनी. याच अँडरसनने १८३७ साली राणी व्हिक्टोरियाला शेटलंडचे तलम विणीचे मोजे भेट दिले. राणीने पसंत केले म्हटल्यावर लंडनच्या स्त्रियांना ते हवेसे वाटणे ओघानेच आले.

शाल लंडनला गेली. पैसा मात्र विणणारीच्या घरी आला नाही. येथून अहवालाची हकीकत सुरू होते.

कापडाचा एखादा दुकानदार तिची शाल घेई आणि मोबदला म्हणून दुकानातला माल देई : सुती कापड, फिती, साबण, आणि मुख्यतः चहा. त्या क्षणी काही नको असेल तर 'लाइन' नावाची चिठ्ठी मिळे. तीवर अमुक शिलिंगांचा माल येणे आहे असे लिहिलेले असे. पण ज्वाची भरड, बटाटे, घरभाडे यांतले काहीच कापडाच्या दुकानात मिळत नाही. मग बाईने चहाची पुडी घेऊन खेड्यात जावयाचे आणि ती भरडीच्या वा बटाट्यांच्या बदल्यात द्यावयाची, बहुधा तोट्यातच. घरमालकाला तर चहाही चालत नसे. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की, पुढची शाल विणण्यासाठी लागणारे सूत शालीच्या बदल्यात मिळत नसे. सूत रोख पैशाचा जिन्नस मानला जाई! ज्या बाईला पैसा कधी दिसतच नाही तिने तो सुतासाठी आणावयाचा कोठून, याचे उत्तर दुकानदारांपाशी नव्हते. म्हणून पुष्कळजणी दुकानदाराचेच सूत घेऊन केवळ विणणावळीवर काम करीत. ती विणणावळही मालातच.

ट्रक पद्धतीला बंदी करणारा कायदा १८३१ सालचा होता, पण त्याची झळ या घरगुती धंद्याला लागली नव्हती. अखेर विल्यम गथ्री नावाच्या वकिलाची आयुक्त म्हणून नेमणूक झाली आणि जानेवारी १८७२ मध्ये, ऐन काळोखात, त्याने लेरविकला साक्षी घेण्यास सुरुवात केली. चौकशीसाठी हिवाळा निवडणारा अधिकारी प्रस्तुत लेखकाने आपल्या नोकरीत तरी पाहिलेला नाही. प्रश्न क्रमांकवार छापलेले आहेत आणि सारे अगदी रुक्ष. शाल कितीला दिली? काय घेतले? पैसे मागितले होते काय? या शेवटच्या प्रश्नाला पुन्हा पुन्हा एकाच अर्थाचे उत्तर येते, की मिळणार नाहीत हे ठाऊक होते, म्हणून मागितले नाहीत. तक्रारीचा सूर नाही, रडणे नाही. घरात कोण कोण आहे, पोट कशावर चालते, भाडे कसे भागते, हे आयुक्त विचारतो आणि बाई सांगते. त्या वेळच्या प्रवासवर्णनांत शेटलंडची विणणारी म्हणजे चुलीपाशी बसलेले एक गोड चित्र आहे. या सरकारी कागदात तिला तोंड आहे.

न्यायाची गोष्ट म्हणून दुकानदारांची बाजूही सांगावयास हवी. त्यांचे म्हणणे, दक्षिणेत शालींना भाव नाही. शालीवर नफा सुटत नाही, जो सुटतो तो मालावर. रोख द्यावयाचे तर शालीची किंमत कमी करावी लागेल. हे अगदीच खोटे नसावे. परंतु दोन्ही किमती, शालीची आणि कापडाची, ठरविणारा माणूस एकच असेल तर नफा कोठे सुटतो हे त्याच्याखेरीज कोणाला कळणार?

अहवाल त्याच वर्षी सादर झाला. कायद्यात दुरुस्ती व्हावयास आणखी पंधरा वर्षे लागली, याचे आपल्यापैकी सरकारी नोकरांना आश्चर्य वाटू नये. १८८७ च्या दुरुस्ती कायद्यातील कलम १० प्रत्येक विणणाऱ्या स्त्रीने चौकटीत लावावे असे आहे. घरी बसून, बाहेरचे मजूर न लावता विणलेली पाच पौंडांच्या आतील वस्तू जो व्यापारी विकत घेईल, तो मालक समजला जाईल आणि वस्तूची किंमत हे वेतन समजले जाईल, असा त्याचा आशय. घरी विणणारी बाई कामगार आहे, हे कायद्याच्या पुस्तकात आले ते असे. पुस्तकातून लेरविकच्या बाजारात यावयास त्याला पुढे कित्येक वर्षे लागली. विसाव्या शतकाच्या आरंभीही ही चाल पुरती गेली नव्हती.

नंतरची हकीकत थोडक्यात. १९२२ साली तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सने गोल्फ खेळताना फेअर आइल बेटाच्या रंगीबेरंगी विणीची जर्सी घातली आणि तिची लाट आली. दुसऱ्या महायुद्धात बेटांवर आलेल्या सैनिकांनी लोकरीचे कपडे रोख पैसे मोजून घेतले. १९७० नंतर समुद्रात तेल सापडले, पगाराच्या नोकऱ्या आल्या, आणि पोटासाठी विणणाऱ्या बायका कमी होत गेल्या. आज तेथे दरवर्षी लोकरीचा सप्ताह भरतो आणि जगभरच्या हौशी स्त्रिया विणकाम शिकावयास पैसे भरून जातात.

राहिली एक जुनी वस्तू. १९५१ च्या मे महिन्यात गनिस्टर या ठिकाणी पीट कापताना दोघा माणसांना दलदलीत एका मनुष्याचे अवशेष मिळाले. हाडे जवळजवळ विरघळली होती, पण पीटच्या गुणाने लोकर जशीच्या तशी टिकली होती : टोप्या, हातमोजे, लांब मोजे. त्यांबरोबर रंगीत नक्षीचा एक विणलेला बटवा होता. हा मनुष्य सतराव्या शतकाच्या अखेरचा. तो कोण होता, हे कळलेले नाही. त्या काळी दरवर्षी उन्हाळ्यात हेरिंग मासे पकडण्यासाठी डच गलबते लेरविकसमोर येऊन थांबत आणि बेटावरच्या बायका हिवाळाभर विणलेले मोजे घेऊन किनाऱ्यावर जात. ज्या टेकाडावर हा बाजार भरे त्याला अजून हॉलंडवाल्यांचे टेकाड म्हणतात. गनिस्टरचा तो बटवा एडिंबरोच्या संग्रहालयात आहे. त्यात तीन नाणी निघाली, दोन नेदरलंड्सची आणि एक स्वीडनचे.