पायली, तराजू आणि काटा

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातील बाजारात माप आणि वजन या दोन स्वतंत्र व्यवस्था शेजारी शेजारी नांदत होत्या. गूळ, तूप, कापूस तराजूत तोलला जाई. ज्वारी, बाजरी, भात हे बहुधा मापाने घातले जाई. मापांची उतरंड दुपटीची होती. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. पुढे सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. ही सारी परिमाणे आकारमानाची, म्हणजे धान्य किती जागा व्यापते ते सांगणारी.

खळ्यावर हीच पद्धत सोयीची होती. तिला ना तराजू लागे ना वजने. एक भांडे आणि मोजणारा माणूस पुरे. पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचे आणि दुसऱ्यापासून आकडे सुरू करायचे, अशी रीत होती. बलुतेदारांचा वाटाही अशाच मापांनी पडे.

भांडणाला जागा होती ती भरण्याच्या पद्धतीत. माप काठाशी सपाट करायचे की शिगोशीग भरायचे, हे आधी ठरवावे लागे. भांड्याचे तोंड जितके रुंद, तितकी शीग मोठी; त्यामुळे सपाट भरल्यावर बरोबरीची ठरणारी दोन मापे शिगेला वेगळी पडत. शिवाय भांडे ठोकले, हलवले की दाणे खाली बसतात आणि त्याच पायलीत आणखी धान्य मावते. देताना हलक्या हाताने आणि घेताना ठोकून भरणारा माणूस मापात फेरफार न करताही नफा काढू शके.

घनतेचा प्रश्न इथेच उभा राहतो. तांदळाचा दाणा पाण्यात बुडतो, म्हणजे त्याची घनता पाण्याहून जास्त आहे. तरीही लिटरभर तांदूळ लिटरभर पाण्यापेक्षा हलका भरतो, कारण दाण्यांमधली जवळजवळ निम्मी जागा हवेची असते. तुसासकट भात आणखी हलके. त्याच भांड्यात ते तांदळाच्या साधारण पाऊणपट वजनाचे मावते. म्हणून ‘एक पायली’ म्हणजे किती वजन, या प्रश्नाला धान्याचे नाव घेतल्याशिवाय उत्तर नव्हते. मापाची खातरजमा करताना त्यात अमुक धान्य किती रुपयेभार मावते ते पाहत, ते यामुळेच.

रुपयेभार हे वजन मात्र पक्के होते. १८३३ साली कंपनी सरकारने तोळा १८० ग्रेनचा ठरवला. १८३५चा रुपयाही तेवढ्याच वजनाचा, सुमारे ११.६६ ग्रॅम. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. चाळीस शेरांचा बंगाली मण सुमारे ३७.३ किलो भरे, तर मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलोच. त्यात सोळा पायल्यांचा मण निराळाच. एकाच नावाखाली एवढे घोळ असताना दूरच्या पेठांचा व्यापार चालत होता, हे आडत्यांच्या हिशेबीपणाचे श्रेय मानावे लागेल.

१९५६च्या कायद्याने देशभर दशमान परिमाणे आणली. ऑक्टोबर १९५८ पासून निवडक क्षेत्रांत किलोग्रॅम वापरात आला आणि एप्रिल १९६२ पासून तो सर्वत्र सक्तीचा झाला. धान्य वजनावर गेले, लिटर दूध-तेलापुरता उरला. शीग आणि ठोकणे यांचा वाद त्यामुळे मिटला. धान्यातल्या ओलाव्याचा मात्र मिटला नाही, कारण ओले भात वजनात भर घालते.

काटेकोरपणे पाहिले, तर किलोग्रॅम हे वजनाचे नव्हे, वस्तुमानाचे एकक आहे. पदार्थात द्रव्य किती, ते त्यावरून कळते. वजन म्हणजे पृथ्वी त्या द्रव्याला खाली ओढते ते बल. १६७२ साली फ्रेंच खगोलज्ञ झाँ रिशे याला विषुववृत्ताजवळच्या कायेन येथे पॅरिसहून नेलेले लंबकाचे घड्याळ रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडलेले दिसले. गुरुत्वाची ओढ जागेप्रमाणे बदलते, याचा तो पुरावा ठरला आणि न्यूटनने १६८७ च्या ग्रंथात त्याचा आधार घेतला.

दोन पारड्यांच्या तराजूला या बदलाची झळ लागत नाही. ओढ कमी झाली तर धान्याची आणि वजनाची सारखीच कमी होते. म्हणून तराजू वस्तुमानांचीच तुलना करतो. स्प्रिंगचा ताणकाटा किंवा आजचा इलेक्ट्रॉनिक काटा प्रत्यक्षात बल मोजतो आणि आकडा किलोत दाखवतो. मुंबईत जुळवलेला असा काटा तसाच दिल्लीला नेला, तर क्विंटलमागे सुमारे ५० ग्रॅम जास्त दाखवील. धान्याच्या पोत्याला तो फरक नगण्य, सोन्याच्या वा प्रयोगशाळेच्या काट्याला नव्हे. म्हणून अचूक काटा जिथे वापरायचा तिथेच प्रमाणित वजने ठेवून जुळवतात. २०११ च्या नियमांनी फेरपडताळणीची मुदत साध्या तराजूला दोन वर्षांची आणि इलेक्ट्रॉनिक काट्याला एका वर्षाची ठरवली.