तीनचा खेळ

रविवार, 2 सप्टेंबर 2007. श्रावणातली सर नुकतीच येऊन गेलीय. छत्री झटकत तुम्ही बाबांबरोबर थिएटरच्या पायऱ्या चढताय. समोर पोस्टर : 'राम गोपाल वर्मा की आग'. 'शोले'चाच नवा अवतार; आधी नावातच 'शोले' होतं. प्रकरण कोर्टात गेलं आणि नाव बदलावं लागलं. परवा शुक्रवारी सिनेमा लागला, पेपरांनी त्याची पार चिरफाड केली. पैसे पाण्यात जाणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. बाबांनाही.

"मग जायचं कशाला?" निघताना तुम्ही विचारलं होतं.

"न बघता नावं कशी ठेवू?"

बाबांनी 'शोले' 1975 साली मुंबईत, मिनर्व्हाला पाहिला. सत्तर एमएमवर, बाविसाव्या वर्षी. पहिले काही दिवस धंद्यातली माणसं त्याला पडेल म्हणत होती. पुढे त्याच थिएटरात तो पाच वर्षं चालला, संवादांच्या तबकड्या घरोघरी वाजल्या. बाबा हे नेहमी सांगतात. आज तिकिटं हातात धरून पुन्हा सांगतात, तेव्हा कुठे तुमच्या ध्यानात येतं : लोकांचं मत चुकू शकतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. नावडेल अशी नव्व्याण्णव टक्के खात्री असूनही ते आलेत, ते त्या उरलेल्या एकासाठी.

दिवे जातात. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. 'शोले'तलं रामगढ नाही, कालीगंज आहे. डाकू गब्बरचा बब्बन झालाय, आणि तो साकारतोय खुद्द अमिताभ, एके काळचा जय! तो पडद्यावर येतो तेव्हा सगळे सावरून बसतात. मागच्या रांगेतला कुणी जुना संवाद आधीच पुटपुटतो. शेजारचा त्याचं पुढचं वाक्य पुरं करतो. दोघं अनोळखी आहेत.

मग ठाकूरच्या जागी मोहनलाल, शाल पांघरलेला. बाबांचा हात तुमच्या मनगटावर येतो. 'शोले'त ठाकूरची शाल वाऱ्यानं सरकते आणि रिकाम्या बाह्या दिसतात. ते दृश्य त्यांनी तुम्हाला लहानपणी स्वतःच्या खांद्यावर चादर टाकून करून दाखवलं होतं. इथं हात आहेत, फक्त बोटं छाटलेली. बाबांची पकड सैल होते.

"छे," ते हळूच म्हणतात.

तरी उठत नाहीत. इंटरव्हलला चहा घेऊन परत येतात, शेवटची पाटी पडेपर्यंत बसतात. अशा सिनेमाला जाणारी सगळीच माणसं टिंगलीसाठी जात नाहीत. जुन्यावर जीव जडलेला असतो, म्हणून नव्याला नाकारण्याआधी त्याला पुरते तीन तास द्यावेत असं वाटतं. मला हा फार मोठा प्रामाणिकपणा वाटतो.

बाहेर पाऊस पुन्हा लागलाय. बाबा छत्री उघडतात, तुम्हाला आत घेतात.

"पाहिला. वाईट आहे," ते म्हणतात, आणि घरापर्यंत वाटभर 'शोले'बद्दलच बोलत राहतात.