हिरव्याचा हिशेब

पान पिवळे पडले की शेतकरी बांधावरूनच अंदाज बांधतो. नत्र कमी पडले असेल, पाणी साचले असेल, नाहीतर चुनखडीच्या जमिनीत उसावर पडतो तसा केवडा असेल. हाच अंदाज आता उपग्रह आणि संगणक मिळून बांधू लागले आहेत. त्यामागचा इतिहास चाळताना एक गोष्ट वारंवार समोर येते: आकाशातल्या डोळ्याला प्रत्येक टप्प्यावर जमिनीवरच्या पानाची साक्ष लागली आहे.

१८१७ साली पॅरिसमध्ये पेल्तिए आणि काव्हांतू या औषधशास्त्रज्ञांनी पानातला हिरवा रंग वेगळा काढला. त्यांनी त्याला ‘क्लोरोफिल’ म्हटले, आपण हरितद्रव्य म्हणतो. ते मोजायचे तर पान खुडायचे, ॲसिटोनमध्ये वाटायचे आणि तो अर्क किती प्रकाश शोषतो हे पाहायचे. डॅनियल आर्नन यांनी १९४९ साली वापरलेली सूत्रे त्यासाठी आजही प्रयोगशाळांत चालतात. अडचण एवढीच, की मोजणीत पानच संपते.

पान न तोडता पाहण्याची वाट छायाचित्रणाने दाखवली. रॉबर्ट वुड यांनी १९१० साली अवरक्त प्रकाशातली छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्यांत झाडे बर्फाने माखल्यासारखी पांढरीशुभ्र दिसली. हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते, तर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पान भरपूर परतवते. दुसऱ्या महायुद्धात रंगवलेली खोटी हिरवळ ओळखायला हाच गुण कामी आला.

भारतात ही विद्या शेतीसाठीच आली. १९७०च्या सुमारास पी. आर. पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळात हेलिकॉप्टरमधून माडांच्या बागांची अवरक्त फिल्मवर छायाचित्रे घेतली. माडांना कोमेजवणारा मुळांचा रोग वरून ओळखता येतो का, हा प्रश्न होता. देशातल्या सुदूर संवेदनाचा आरंभ याच प्रयोगापासून मानतात.

पुढे १९७२ साली पहिला लँडसॅट उपग्रह गेला आणि लाल व अवरक्त प्रकाशाच्या तुलनेतून पिकाचा जोम मापू लागले. पण पीक दाटले की हा आकडा वाढेनासा होतो. लाल संपून अवरक्त सुरू होतो ती सीमारेषा हरितद्रव्याबद्दल अधिक सांगते. २०१५ साली सोडलेल्या सेंटिनेल-२ उपग्रहात तिच्यासाठी खास पट्टे आहेत. त्यांतला एक ठिपका २० मीटर लांब-रुंद, म्हणजे सुमारे चार गुंठ्यांचा.

या ठिपक्यांवरून हरितद्रव्य किती, हे आता ‘रँडम फॉरेस्ट’सारख्या मशीन लर्निंगच्या पद्धती सांगतात. त्यांना शिकवायला ठिपक्यासोबत त्याच शेतातली मोजणी द्यावी लागते. ती बहुधा पानाला चिमट्यासारख्या लावायच्या स्पॅड मीटरने घेतात. त्या मीटरचा आकडा म्हणजे प्रत्यक्ष हरितद्रव्य नव्हे. तो ताडून पाहायला अखेर पान वाटावेच लागते.

म्हणून मला प्रश्न पडतो तो असा: ज्या पानांवर हे यंत्र शिकले, ती कुठल्या मातीतली? आपल्या चुनखडीच्या रानातली पाने त्यात नसतील, तर त्याने आपल्याबद्दल दिलेला निवाडा उसनाच. शिवाय हिरवेपणा किती घटला हे ठिपका सांगेल. का घटला, हे त्याला सहजी कळत नाही. केवड्याला लोह हवे असते. तिथे नुसता युरिया टाकला तर पैसा मातीत जातो आणि पान पिवळे ते पिवळेच राहते. आकाशातला आकडा हाती आला, तरी एकदा बांध ओलांडून पान हातात घ्यायलाच हवे.