पोहोचता येते, पण लागत नाही

१९६० च्या फेब्रुवारीत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीयांनी आखलेला आणि बांधलेला इलेक्ट्रॉनिक संगणक पूर्ण क्षमतेने काम करू लागला. रंगास्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालच्या तरुण मंडळींनी तो उभा केला होता. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्याची मेमरी २,०४८ शब्दांची, एकेक शब्द ४० बिटांचा. आजच्या मापाने जेमतेम दहा किलोबाइट. सकाळी सकाळी मोबाइलवर येऊन पडणारे सुप्रभाताचे एक चित्रही तीत मावणार नाही. अशा यंत्रावर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मेमरीच्या घराघराचा हिशेब स्वतः ठेवावा लागे. कोणत्या घरात काय आहे आणि ते घर पुन्हा कधी वापरायचे, हे त्यालाच ठाऊक.

दोनच महिन्यांनी, एप्रिल १९६० मध्ये, अमेरिकेत एमआयटीच्या जॉन मॅकार्थी यांचा ‘लिस्प’ या भाषेवरचा निबंध छापून आला. संगणकशास्त्रात तो अनेक कारणांनी गाजला. आपल्याला त्यातली एकच लहानशी सोय पाहायची आहे. लिस्पमध्ये प्रोग्रॅम चालू असतानाच याद्या तयार होतात, एकमेकींत गुंततात, सुटतात. कोणते घर कधी रिकामे होईल, हे आधी सांगता येत नाही. मॅकार्थींनी सुचवले की रिकामी घरे संपेपर्यंत काहीच करू नये. ती संपली की काम थांबवावे, प्रोग्रॅमच्या हाताशी असलेल्या ठरावीक जागांपासून निघावे, दुव्यामागून दुवा धरत जावे आणि वाटेत लागणाऱ्या प्रत्येक घरावर वजाचे चिन्ह करावे. मग सगळी मेमरी एकदा फिरून यावी. चिन्ह नसलेले घर ते रिकामे.

या क्रियेला निबंधात ‘पुनःप्राप्ती’ अशा अर्थाचा सोवळा शब्द आहे. प्रयोगशाळेत मात्र सगळे तिला ‘गार्बेज कलेक्शन’, म्हणजे कचरा उचलणे, म्हणत. तो शब्द छापायला आपला धीर झाला नाही, असे मॅकार्थींनी नंतर मिश्कीलपणे लिहून ठेवले आहे. एका फेरीला कित्येक सेकंद लागतात, तेव्हा मेमरी काठोकाठ भरू देऊ नये, हा इशाराही त्याच निबंधात आहे. त्याच वर्षी जॉर्ज कॉलिन्स यांनी वेगळा मार्ग सांगितला: प्रत्येक वस्तूकडे किती दुवे येतात ते मोजत राहा, शून्य झाले की उचला. पण दोन निरुपयोगी वस्तू एकमेकींकडे बोट दाखवत बसल्या, तर शून्य कधी येतच नाही.

उद्योगाने ही सोय बरीच वर्षे दूर ठेवली. १९७० च्या दशकात आलेल्या ‘सी’ भाषेत मेमरी मागायची आणि परत करायची, दोन्ही कामे माणसाची. परत करायचे राहिले तर लगेच काही बिघडत नाही, आणि गळतीचा खरा धोका तोच. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेत १९९२ मध्ये बसवलेल्या नव्या यंत्रणेत, गाडी पाठवण्याची नोंद झाली की सर्व्हरची थोडीशी मेमरी अडकून राहत असे. तीन आठवडे कोणाला कळले नाही. ४ नोव्हेंबरच्या पहाटे मेमरी संपली आणि यंत्रणा बंद पडली. रुग्णवाहिका मागणाऱ्यांचे फोन येतच होते. कर्मचाऱ्यांना कागद-पेन्सिलीवर यावे लागले.

१९९५ मध्ये ‘जावा’ आली आणि मॅकार्थींची सोय घरोघर पोहोचली. मेमरीची गळती आता इतिहासजमा, असे आमच्या पिढीतल्या पुष्कळांना वाटू लागले. ते खरे नव्हते, आणि का नव्हते, ते या इतिहासातले सर्वांत रंजक पान आहे.

मी राहतो त्या मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कातल्या कोणत्याही इमारतीचे उदाहरण घ्या. जिन्याखाली धूळ खात पडलेल्या सायकली दिसतील. मुलगा नोकरीसाठी परगावी गेला, चाकांतली हवा केव्हाच गेली. पण सायकलीवर फ्लॅटचा नंबर आहे, म्हणून भंगारवाल्याला तिला हात लावता येत नाही. बिननंबरी सायकल मात्र सेक्रेटरी नोटीस लावून महिन्याभरात काढून टाकतो. गार्बेज कलेक्टर या सेक्रेटरीसारखाच. ‘ही कोणी चालवणार आहे का?’ हा प्रश्न त्याच्या आवाक्यातला नाही; ‘हिच्यावर नंबर आहे का?’ एवढेच तो पाहतो.

२००५ मध्ये अमेरिकेच्या वाळवंटात चालकाविना धावणाऱ्या मोटारींची शर्यत झाली. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गाडीचा प्रोग्रॅम कचरा आपोआप उचलणाऱ्या ‘सी-शार्प’ भाषेत होता. मागे पडलेले अडथळे यादीतून काढले जात. पण त्यांची नावे सूचना मिळवणाऱ्यांच्या दुसऱ्या एका नोंदीत राहून जात. नोंद होती, म्हणजे नंबर होता. केव्हाच ओलांडलेली झुडपे मेमरीत साठत गेली आणि काही मैलांवर गाडी अडली.

पोहोच आणि गरज यांतली ही फट बुजवण्याचा एक गंभीर प्रयत्न पवईत झाला. आयआयटी मुंबईतले उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांचा शोधनिबंध २००७ मध्ये ‘एसीएम’च्या प्रोग्रॅमिंग भाषांवरील नियतकालिकात आला. कलेक्टर बदलायला ते जात नाहीत. प्रोग्रॅम चालण्याआधीच त्याचा मजकूर तपासून, कोणत्या ठिकाणानंतर कोणता दुवा पुन्हा वापरला जाणार नाही, हे ते शोधतात आणि तिथे तो दुवा तोडणारे वाक्य घालतात. आमच्या भाषेत, नंबर पुसून ठेवतात. पुढचे काम जुना सेक्रेटरीच करतो.

अडचण अशी की दुव्यांच्या साखळीला अंत नसतो: पुढचा, त्याच्या पुढचा, त्याच्याही पुढचा. या अनंत वाटा त्यांनी मर्यादित आकाराच्या आलेखांत बसवल्या, आणि निबंधातला मला सर्वांत आवडणारा भाग तोच. शिवाय एकाच वस्तूला दोन नावे असू शकतात, तेही सांभाळावे लागते. आणि तोडण्याचे वाक्यच रिकाम्या दुव्यावर आपटून प्रोग्रॅम पाडणार नाही, याचीही आधी खात्री करून घ्यावी लागते.

कोणती वस्तू पुढे लागेल, हे प्रत्येक प्रोग्रॅमबाबत अचूक सांगणारी रीत असूच शकत नाही. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये दाखवलेल्या मर्यादेतूनच ते निघते. म्हणून पवईची पद्धतही सावध आहे: शंका आली की नंबर तसाच ठेवते, आणि काही सायकली जिन्याखाली राहतातच.